घावाच्या अलीकडे

नवतपा लागला की नागपूरची दुपार कुणाचीच राहत नाही. सीताबर्डीचा मुख्य रस्ता एक वाजताच सुस्तावतो, धरमपेठेतल्या दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, कडुलिंबाच्या सावलीत निजलेली कुत्री हॉर्न ऐकूनही मान वर करत नाहीत. पारा ४५ अंशांच्या वर. घरोघरी कूलर घुमत असतो आणि भिजलेल्या वाळ्याचा वास अंधाऱ्या खोल्यांमधून फिरत असतो. अशा दुपारी आमच्या पुढच्या खोलीत वारा सुटतो तो त्सुशिमा बेटावरचा. सन १२७४. मंगोल आरमार किनाऱ्याला लागलेलं, पांढऱ्या तुऱ्यांचं गवत कमरेएवढं वाढून एका अंगाला झुकलेलं, आणि त्या गवतात दोन माणसं समोरासमोर उभी. आपल्या माणसाची तलवार अजून म्यानात.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० साली आलेला व्हिडिओ गेम. त्यात द्वंद्वाआधीचा हा उभा क्षण खेळाडूच्या बोटावर टांगलेला असतो. बटण दाबून धरायचं, आणि समोरचा खरोखर झेप घेईल तेव्हाच सोडायचं. तो हुलकावण्या देतो. पाऊल पुढे टाकतो, खांदा हलवतो, थांबतो. बटण आधी सुटलं की आपण उघडे पडलो. मग एका निमिषात तो येतो, आपण सुटतो, तलवार म्यानातून चमकत निघते. नेमकं तिथं मी खेळ थांबवतो आणि चित्र घेतो.

या गेममधली थांबण्याची सोय मोठी विलक्षण आहे. माणसं जागच्या जागी गोठतात, पण हवं असेल तर गवत हलत राहतं, पानं उडत राहतात. वाऱ्याची दिशा बदलता येते, त्याचा जोर वाढवता येतो, पानांऐवजी काजवे सोडता येतात. कॅमेरा हातात मोकळा येतो. गोठलेल्या दोघांभोवती फिरावं, गुडघ्यावर बसावं, गवतात आडवं व्हावं, त्या झेपावणाऱ्या माणसाच्या पायांखालून आभाळ बघावं. जगात आजवर कुठल्या छायाचित्रकाराला हे मिळालं होतं? कुस्तीच्या फडात डाव पडताना पैलवानांना कुणी म्हणू शकलं नाही की, थांबा, मला पलीकडे जाऊन बघू द्या.

आणि तरीही चित्र बिघडतं. किंबहुना बहुतेकांची चित्रं एकाच जागी बिघडतात. मारामारीचं चित्र म्हणजे मार बसतानाचं चित्र, असं आपण धरून चालतो. तलवार लागली, ठिणगी उडाली, की बोट आपोआप खाली जातं. नंतर ते चित्र निवांत पाहिलं की त्यात काहीच सापडत नाही. दोन अंगं एकमेकांत मिसळून एक गोळा झालेला असतो. तलवारीचं पातं समोरच्याच्या कपड्यात हरवलेलं. ठिणग्यांच्या लोटात चेहरा बुजलेला. कोण मारतंय आणि कोण खातंय हेही पटकन कळत नाही. खेळताना ज्या क्षणाला अंगावर काटा आला, तोच क्षण चित्रात सगळ्यात मुका निघतो.

याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो. उत्तराची पहिली चाहूल पडद्यावर लागली नाही, वेरूळला लागली.

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, नरसिंह आणि हिरण्यकश्यपू यांचं शिल्प आहे. गोष्ट आपल्याला पाठ. खांब फुटतो, उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी पोट फाडलं जातं. कॅलेंडरांवर, पोथ्यांच्या मुखपृष्ठांवर तेच चित्र असतं, मांडीवर आडवा दैत्य आणि बाहेर आलेली आतडी. वेरूळच्या कारागिरानं मात्र दोघांना उभं ठेवलंय. हिरण्यकश्यपू अजून लढतोय. अंगाला अंग भिडलेलं, पण निकाल लागलेला नाही. नखं अजून पोटात गेलेली नाहीत. राष्ट्रकूटांच्या काळातला तो माणूस छिन्नी हातात घेऊन दगडासमोर उभा होता. त्याला एकच क्षण कोरता येणार होता, आणि एकदा कोरला की पुसता येणार नव्हता. त्यानं घावाच्या अलीकडचा क्षण निवडला. पुढचं सगळं बघणाऱ्याच्या मनात घडतं, दर वेळी नव्यानं. शेजारच्या कैलासात रावण पर्वत हलवतो ते शिल्प पाहा. पर्वत उचलून फेकलेला नाही, की दाबून बसवलेलाही नाही. तो डळमळतोय. पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, दासी पळत सुटलेली, आणि शंकराचा पाय दाबाच्या बेतात. तेराशे वर्षं होत आली, ती डळमळ अजून थांबलेली नाही.

दुसरी खूण घराच्या जवळची. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं की पन्नासेक किलोमीटरवर रामटेक. वर रामाच्या देवळाकडे जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक वाटेवरच्या केवल नरसिंहाच्या देवळात डोकावतात. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं देऊळ. आतली मूर्ती भलीमोठी, लालसर दगडाची. हा नरसिंह बसलेला आहे. उजवा गुडघा उभा, त्यावर हात टेकलेला, हातात चक्र. समोर हिरण्यकश्यपू नाही. खांब नाही, प्रल्हाद नाही, रक्त नाही. भरदार छाती, जाड मान, आणि बसण्यातला एक सैल, मालकी हक्काचा डौल. काही घडत नसूनही त्या छोट्या गाभाऱ्यात उभं राहिलं की आपण अर्धं पाऊल मागे सरतो. हा घावाच्या पलीकडचा क्षण. काम झालेलं आहे, किंवा अजून व्हायचं आहे. दोन्ही वाचता येतं, आणि दोन्हीत तितकीच ताकद आहे.

रामटेकहून परतल्यावर मी जुनी साठवलेली चित्रं उघडून बसलो आणि मला ती निराळी दिसायला लागली. चांगली म्हणून आपसूक वेगळी काढलेली चित्रं सगळी घावाच्या अलीकडची किंवा पलीकडची होती. तलवार पाठीमागे नेऊन कंबर पिळलेली, सगळं वजन मागच्या पायावर. किंवा वार होऊन गेलेला, पातं खाली, आणि मागे तो दुसरा अजून पडायचा आहे, पडतोय हे त्यालाही कळलेलं नाही. मधला, लागण्याचा क्षण एकाही चांगल्या चित्रात नव्हता.

गेममधली हालचाल रचणारे लोक हे फार आधीपासून जाणतात. कुठलाही वार ते तीन तुकड्यांत बांधतात. आधी अंग मागे घेणं, मग वार, मग सावरणं. मधला तुकडा सर्वांत छोटा, कधीकधी दोन-चार फ्रेमचा. अंग मागे घेण्याला मात्र वेळ दिलेला असतो, कारण तीच खेळाडूला दिलेली सूचना असते. आता मी मारणार आहे, हट. म्हणजे जो क्षण खेळाडूला वाचवण्यासाठी रचलाय, तोच चित्रासाठीही सर्वांत भरलेला. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

आता साधा हिशेब मांडू. बरेच गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. डोळ्यानं काही पाहिलं आणि बोट हललं, यात माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पंधरा चित्रं निघून जातात. तेव्हा जे दिसलं ते टिपायला गेलं तर ते हाती लागणं शक्यच नाही. दिसण्याआधी दाबावं लागतं. त्यासाठी समोरच्याची चाल अंगात मुरलेली असावी लागते. संक्रांतीला महाल भागातल्या गच्चीवर पतंग उडवणारा पोरगा मांजा घासला गेल्याचं कळण्याआधीच ढील देतो, तसं. म्हणून नवा गेम घेतला की पहिल्या बैठकीत मी चित्रं काढत नाही. खेळतो, मरतो, पुन्हा उभा राहतो, त्या राक्षसाचे किंवा सामुराईचे चार-पाच वार ओळखीचे करून घेतो. मग हळूहळू त्याचं अंग वाचता येतं.

माझा भाचा या सगळ्याकडे चिंतेनं बघतो. तो बारावीत, सुट्टीत आमच्याकडे. त्याच्या लेखी खेळ जिंकायचा असतो.

“मामा, मारा ना त्याले! थांबून काय राहिले?”

“फोटो घेतो आहे रे.”

“मराल ना तुम्ही फोटो काढता काढता.”

आणि मी मरतोही. एखादा चांगला तिरका उजेड, मागे धूर, समोरच्याची कुऱ्हाड वर गेलेली, आणि ती खाली येईपर्यंत वाट बघायची म्हणजे हटायचा वेळ निघून गेलेला असतो. जिंकायच्या घाईत असलेल्याला चित्र मिळत नाही आणि चित्राच्या मागे लागलेल्याला विजय उशिरा मिळतो. मला हा सौदा मान्य आहे.

थांबवण्याची ही सोय काही फार जुनी नाही. २००४ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या ‘ग्रान तुरिस्मो ४’ या मोटार-शर्यतीच्या गेममध्ये ती पहिल्यांदा नीट रुजली. शर्यतीतली गाडी गोठवून शटरचा वेग ठरवता येऊ लागला. २०१४ मध्ये ‘इन्फेमस: सेकंड सन’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ची नवी आवृत्ती यांनी मारधाडीच्या खेळांत तिला जागा दिली, आणि मग मोठ्या गेममध्ये ती अपेक्षितच झाली. मोटारीच्या गेमनं एक गोष्ट शिकवली ती अजून कामाला येते. गाडी लख्ख आणि रस्ता पुसट झाला तरच वेग दिसतो. सगळंच लख्ख असेल तर ती गाडी उभी केलेली वाटते. तलवारीचंही तेच. गोठवलेल्या चित्रात पातं कधीकधी इतकं स्वच्छ येतं की माणूस काठी धरून उभा असल्यासारखा दिसतो. पात्याचं टोक थोडं ओढलेलं, चेहरा मात्र ठळक, असं जुळलं तर वार दिसतो. उलट खेळताना कॅमेरा वळला की सगळा पडदा पुसट करणारी जी सोय असते, ती मात्र मी पहिल्यांदा बंद करतो. तिनं वेग दिसत नाही, चिखल होतो.

बाकीच्या खटपटी हाताशी येतात. प्राणाची पट्टी, नकाशा, गोळ्यांचे आकडे हे सगळं पडद्यावरून हटवायचं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली न्यायचा, म्हणजे लढणाऱ्याच्या मागे आभाळ येतं आणि आकृती सुटी होते. जो झेपावतोय त्याच्या पुढे मोकळी जागा सोडायची. ती नसेल तर तो चौकटीलाच धडकणार असं वाटतं. जवळून रुंद भिंग लावलं की उचललेला पाय मोठा होतो, अंगावर येतो. लांबून लांब भिंग लावलं की शत्रू पाठीशी येऊन उभा ठाकतो. आणि धूळ हवी. धूळ, पाऊस, ठिणगी, उडालेली माती, फाटलेल्या कापडाची चिंधी, काहीही. अंग गोठलं तरी हवेतले हे कण सांगतात की आत्ताच काहीतरी इथून गेलं. नागपूरकराला धुळीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मेच्या संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर उजेड असा दाट आणि पिवळा होतो तो त्या धुळीमुळेच.

आणखी एक कसोटी मी पिंगुळीकडून घेतली. कुडाळजवळच्या या गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी करतात, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही करतात. पडद्यामागे दिवा, आणि पडद्यावर फक्त सावली. त्या सावलीला नाक-डोळे नाहीत, भाव नाहीत, तरी राम कुठला, रावण कुठला आणि कोण कुणावर चालून जातंय, हे पोराटोरांना कळतं. कारण हात अंगापासून सुटे आहेत, धनुष्य अंगाबाहेर आहे, पाय एकमेकांवर चढलेले नाहीत. आपलं चित्र मनातल्या मनात काळं करून बघावं. सावलीत लढाई कळत असेल तर ते टिकेल.

म्हणूनच ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ या गेमकडे मी पुन्हा पुन्हा जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं तो केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतरत्र. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही होतं. राजी ही सर्कशीतली पोर. तिच्या भावाला, गोलूला, असुरांनी पळवलंय आणि दुर्गेनं दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधत निघाली आहे. गोष्टीचे दुवे जोडणारे प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात, आणि दुर्गा आणि विष्णू दोघं वरून बघत, बोलत असतात. सर्कशीतली असल्यानं तिची लढाईही कसरतीची. खांबाला धरून गरगर फिरते आणि भोवतीच्या असुरांना उडवते, भिंतीवर धावून उलटी येते.

या गेममध्ये खेळताना कॅमेरा आपल्या हाती नसतो. कुठून बघायचं हे रचणाऱ्यांनी ठरवून ठेवलंय. बहुतेक वेळा दुरून, उंचावरून. राजी चिमुकली दिसते, मागे भल्यामोठ्या हवेल्या, चित्रांनी भरलेल्या भिंती. पहिल्यांदा हे बंधन जाचतं. पुढं लक्षात येतं की आता आपल्यापाशी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे वेळ. जागा ठरलेली, भिंग ठरलेलं, उजेड ठरलेला. खांबाभोवती ती फिरत असताना कुठल्या कोनात असावी एवढंच ठरवायचं. तिचं अंग खांबापासून पूर्ण बाहेर, त्रिशूळ आडवा, असुर तिच्या पोहोचीच्या वीतभर बाहेर. हे जमलं की दुरूनही, इतक्या लहान आकृतीतही, त्या पोरीचा राग दिसतो. सगळं स्वातंत्र्य असलेल्या गेममध्ये मी जे शिकलो नाही ते या ठरलेल्या चौकटीनं शिकवलं, आणि ते आपल्या पुण्यातल्या माणसांनी रचलंय याचं मला अप्रूप आहे.

अप्रूप वाटावं अशी आणखी एक आठवण या प्रांतात आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी विलायतेहून चित्रफितीचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. भारतीय माणसानं घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या हलत्या चित्रांपैकी ती एक. हातात नवं यंत्र आल्यावर पहिल्यांदा काय टिपावंसं वाटलं, तर दोन माणसांची झटापट. मला हे फार समजतं. त्याआधी २१ वर्षं, १८७८ मध्ये, कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकारानं धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीनं कॅमेरे मांडले होते. चौखूर उधळलेला घोडा चित्रकार शतकानुशतकं चारी पाय पुढे-मागे ताणून हवेत दाखवत आले. कॅमेऱ्यांनी दाखवलं की चारी पाय जमिनीवरून उचलले जातात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. घोडा हवेत असतो तो अंग आवळून घेतलेला असताना. म्हणजे इथंही जोर होता तो पसरण्याच्या अलीकडे, आवळून धरण्यात.

मोबाइलवरची पोरं या चैनीपासून वंचित आहेत. पब्जी आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी त्याच्या जागी बीजीएमआय आला, तोही मध्ये जाऊन परत आला. संध्याकाळी उन्हं कलली की नागपूरच्या कुठल्याही वस्तीत ओट्यावर चार मुलं मान खाली घालून बसलेली दिसतात ती त्यातच. तिथं समोर जिवंत माणसं असतात, कुणासाठी काही थांबत नाही. चित्र घ्यायचं तर तीन बोटं पडद्यावरून ओढावी लागतात, म्हणजे नेम सुटला. दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे अंगठा गोळीवरून उठला. म्हणून पोरं सगळा डाव चित्रित करून ठेवतात आणि मागाहून त्यातली फ्रेम उचलतात. ती थोडी फिकट येते. पण निवडायला बसलेली चार डोकी मी पाहिली आहेत. “हा नको बे, याच्यात स्मोकच आहे. मागचा पाहा, मागचा.” मागचा म्हणजे धूर फुटण्याआधीचा, खिडकीच्या चौकटीत बंदूक टेकवलेला. त्यांना कुणी वेरूळ सांगितलेलं नाही.

या गोठवण्यानं मला न गोठणाऱ्या गोष्टी बघायला शिकवलं, हे मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबती निघतात. काळी आणि पिवळी. एकोणिसाव्या शतकापासूनची ही मिरवणूक जगात दुसरीकडे कुठं नाही असं आम्ही छाती फुगवून सांगतो. कागद, कापड, बांबूच्या उंच पुतळ्या, सोबत त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराला, महागाईला, रोगराईला हाणणारे बडगे. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा गर्दीला एक उधाण येतं. मी पूर्वीही तिथं कॅमेरा घेऊन जायचो आणि मोबाइल धरलेले हजार हात घेऊन परतायचो. आता मी पुतळ्यांकडे बघत नाही. त्या उचलणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. रेटा येण्याआधी पुढच्या माणसाची टाच उचलते, मागचा मान खाली घालून बांबूला खांदा घट्ट लावतो, मग एकदम सगळे निघतात. त्या टाचेवर बोट दाबलं की दोन्ही मारबती हवेत, एकमेकींवर झुकलेल्या, अजून न भिडलेल्या येतात. खाली माणसांचे चेहरे उघडे असतात, तोंडं ओरडायला नुकती उघडलेली. भिडल्यानंतर मग गुलाल आणि पाठी.

पश्चिम घाट मी पहिल्यांदा नीट पाहिला तो पावसाळ्यात वरंध्याच्या घाटात नव्हे, असं म्हटलं तर कोकणातले मित्र चिडतील. पण ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ या २०१७ च्या गेममध्ये एक अख्खा भाग पश्चिम घाटाचा आहे. लाल चिखल, हिरवे कडे, होयसळांच्या खुणा असलेली ढासळती देवळं. कॅलिफोर्नियात बसलेल्या लोकांनी ओल्या दगडावरचं शेवाळ इतक्या मायेनं रंगवलंय की मी त्यात लढाई सोडून तासभर कडे बघत फिरलो. मग एक उडी टिपली. दोराला लटकून दरीवरून झोका घेताना, हात सुटायच्या क्षणी, पाय पुढच्या कड्याच्या दिशेनं ताणलेले. खाली धुकं. ते चित्र मी छापून घेतलं. दुकानातल्या माणसानं विचारलं, कुठला सिनेमा?

गेल्या आठवड्यात भाच्यानं ‘सेकिरो’ लावला होता. २०१९ चा, अवघड म्हणून प्रसिद्ध असलेला. त्यात तलवारीनं तलवार अडवण्याची वेळ चुकली की फार महागात पडतं. एका भालेवाल्यापाशी तो अडकला होता आणि पुन्हा पुन्हा मरत होता. मी मागे बसून चहा घेत होतो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मामा, याचा डावा खांदा पहिले खाली जाते, मंग भाला येते. पण कधीकधी खांदा जाते आणि हा थांबते. तवा त्याची मान हलत नाही.”

“मग?”

“मग काय, मानेकडे पाहायचं.”

पुढच्या वेळी खांदा गेला, मान वळली, आणि त्यानं अडवण्याऐवजी चित्राचं बटण दाबलं. भाला अजून मागे होता, डावा खांदा पार खाली, आणि त्या माणसाचे डोळे सरळ आमच्याकडे. पुढच्या पाव सेकंदात भाच्याचा गडी मेला. तो ओरडला नाही. चित्र मोठं करून बघत बसला, मग म्हणाला, “थोडं खालून पाहिजे होतं ना मामा? याच्या मागे ते छत येऊन राहिलं.” छत खरोखरच भाल्याच्या टोकाला चिकटलं होतं. त्यानं पुन्हा सुरू केलं, या वेळी दोन पावलं मागे सरून, अंगणाच्या मोकळ्या बाजूला त्या भालेवाल्याला ओढून आणत.